मुख्य पीक : पेरू

शिर्डीत पैसा मोजणं हे काही नवल नाही. संस्थानात दानपेट्या उघडल्या की नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, परदेशी चलन वेगळं, सोनं-चांदी वेगळी अशी मोजदाद होते. पेटीत कोणी टाकलं, कुठून आणलं, हे कोणी विचारत नाही. आयकर खात्याने विचारून पाहिलं. निनावी दानावर कर बसला पाहिजे, असं खात्याचं म्हणणं होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की साईबाबा संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही आहे, तेव्हा त्याच्या निनावी दानाला करातून सूट आहे. म्हणजे नाव न सांगता पेटीत टाकलेली नोट सुटली. माझ्या भाचीने मात्र स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, पासपोर्ट आणि दहा बोटांचे ठसे असं सगळं राजीखुशीने दिलं, तर तिच्या मागे एक सोडून दोन देशांचे आयकरवाले लागले.

तसा आयकराचा आणि शिर्डीचा संबंध जुना. बाबांच्या चरित्रकारांनी एक गोष्ट सांगितली आहे. बाबांकडे दक्षिणा भरपूर यायची आणि त्याच दिवशी वाटलीही जायची. हा पैसा बघून इंग्रजांच्या आयकर खात्याचे डोळे फिरले. पण बाबांवर कर लावायचा तर संध्याकाळी हाती काय? झोळी, चिलीम आणि टमरेल. मग खात्याने काय केलं, तर बाबांच्या हातून रोजच्या रोज ठरावीक रक्कम ज्यांना मिळत होती, त्यांच्यावर कर बसवला. १९१८ च्या दसऱ्याला बाबांनी देह ठेवला, तेव्हा जाता जाता लक्ष्मीबाई शिंदे यांच्या हातावर नऊ नाणी ठेवली. एवढ्यात हिशेब पूर्ण. आणि गंमत अशी, की त्यांच्या भोवती बसणाऱ्यांत नानासाहेब चांदोरकर हे सरकारच्या महसुलातले अधिकारी आणि ‘साईसच्चरित’ लिहिणारे दाभोळकर हे मॅजिस्ट्रेट. अख्खं सरकार पायाशी बसलेलं होतं, पण बाबांनी कधी फॉर्म भरला नाही.

फॉर्म भरायची वेळ आली ती माझ्यावर. मी इथे लॉज चालवतो. ‘मंदिरापासून चालत पाच मिनिटे’ असं बोर्डावर लिहिलं आहे. शिर्डीतल्या बहुतेक लॉजच्या बोर्डावर ते लिहिलेलं असतं. कुणाच्या चालीने, ते लिहिलेलं नसतं. लॉजवाल्याला दिवसभर लोकांची ओळखपत्रं बघावी लागतात आणि झेरॉक्स काढाव्या लागतात. एवढ्या भांडवलावर घराण्यात माझी कागदपत्रांतला माणूस अशी ख्याती झाली. शिवाय मी मामा. लग्नात मुलीला बोहल्यापर्यंत आणायचं काम मामाचं. पूर्वी अंतरपाट खाली आला की मामा जेवायला मोकळा व्हायचा. आता तसं राहिलं नाही.

स्थळ न्यू जर्सीचं होतं. बैठकीत सगळं विचारून झालं. मुलाला पगार किती, व्हिसा कोणता, घर भाड्याचं की स्वतःचं, ‘घेतो’ का, मंगळ आहे का. तिकडच्यांनी विचारलं, मुलगी गाडी चालवते का, बर्फाची सवय होईल का. मुलीच्या नावावर काय काय आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही. सभ्य माणसं बैठकीत तसं विचारत नाहीत. तो प्रश्न पुढे अमेरिकेच्या सरकारने विचारला. लेखी विचारला, डॉलरमध्ये विचारला आणि उत्तर खोटं निघालं तर काय होईल तेही खाली छापलं.

पहिली अडचण नावाची. पॅनकार्डावर भाचीचं नाव, मधे दाजींचं नाव, मग आडनाव. पासपोर्ट लग्नानंतर नवा केला, त्यात मधे जावईबापू आले. सात-बाऱ्यावर आणखी तिसरंच, कारण तलाठ्याकडे नाव लावताना आजोबांच्या तोंडी घरातलं लाडाचं नाव आलं. लग्नात जावईबापूंनी ताटातल्या तांदळात अंगठीने चौथं नाव लिहिलं होतं. ते बिचारं तांदळातच राहिलं, एवढं बरं झालं. अमेरिकेच्या फॉर्मात नावाचे तीन रकाने असतात, आणि मधल्या रकान्यात बाईचं स्वतःचंच दुसरं नाव असावं अशी त्यांची समजूत असते. तिथे जावईबापूंचं नाव बघून एका कारकुनाने फोनवर विचारलं, तुमचं मधलं नाव पुरुषाचं कसं? भाची म्हणाली, तो माझा नवरा आहे. कारकून म्हणाला, नवऱ्याचं नाव खालच्या ओळीत लिहा. भाची म्हणाली, तिथेही लिहिलंय.

दुसरी अडचण नंबराची. जावईबापूंच्या व्हिसावर बायको म्हणून गेलेल्या मुलीला नोकरीची परवानगी नसली की तिकडचा सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. मग कर भरण्यापुरता एक नंबर देतात, त्याला आयटिन म्हणतात. काम करायला बंदी, कर भरायला मुभा. हा नंबर हवा तर त्याचा अर्ज विवरणपत्रालाच जोडून टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवायचा, सोबत मूळ पासपोर्ट किंवा त्याची प्रमाणित प्रत. मूळ पासपोर्ट टपालात टाकायचा हे ऐकून आक्काने, म्हणजे माझ्या बहिणीने, गुरुवारी नारळ बोलला. पासपोर्ट परत आला, नारळ फोडला. या नारळाचा खर्च कोणत्या रकान्यात जातो ते मी विचारलं नाही.

उत्पन्नच नाही तर विवरणपत्र कशाला, असा प्रश्न दाजींना पडला. त्याचं उत्तर असं, की अमेरिकेत नवरा-बायकोने एकत्र विवरणपत्र भरलं की बहुतेक वेळा कर कमी बसतो. आपल्याकडे नवरा-बायको संसार एकत्र करतात आणि विवरणपत्र वेगवेगळं भरतात. तिकडे दोन्ही एकत्र चालतं. जावईबापू खूश झाले. पण एकत्र भरायचं म्हणजे बायकोचं जगभरातलं उत्पन्न दाखवायचं. ‘जगभरातलं’ हा शब्द ऐकून दाजी दचकले. दाजींचं जग म्हणजे राहाता, कोपरगाव, आणि उसाच्या कामासाठी प्रवरानगर. या एवढ्या जगाचा हिशेब आता वॉशिंग्टनला द्यायचा होता.

हिशेब द्यायचा तर आधी वर्ष कोणतं ते ठरलं पाहिजे. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. बँक व्याजाचा दाखला देते तो एप्रिल-मार्चचा. तो डिसेंबरात मधोमध चिरायचा आणि पुढच्या वर्षाच्या दाखल्याचा तुकडा त्याला जोडायचा. त्यात आपल्याकडे २०२४-२५ ला कमवायचं आणि फॉर्मवर २०२५-२६ लिहायचं, अशी रीत कित्येक वर्षं चालली. नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून ‘कर वर्ष’ असं एकच नाव ठेवलं, हे चांगलं झालं. पण ते वर्षही एप्रिललाच सुरू होतं. कोपरगावचे आमचे सीए म्हणतात, तिकडचं तिकडच्यांना विचारा. तिकडचे सीपीए म्हणतात, इकडचं इकडच्यांना विचारा. या दोघांचं बोलणं कधीच झालं नाही. ते माझ्यामार्फत बोलतात, मी भाचीमार्फत, भाची जावईबापूंमार्फत. अफवा पसरवायला यापेक्षा चांगली व्यवस्था नाही.

वर्षानंतर दिवस. माणूस कुठल्या देशाचा रहिवासी, हे त्याला काय वाटतं यावर ठरत नाही, तो कुठे किती दिवस होता यावर ठरतं. आपल्याकडे मुख्य नियम सोपा आहे, वर्षात १८२ दिवस. अमेरिकेचा हिशेब आमच्या भागातल्या जुन्या माणसांना लगेच कळेल, कारण तो वाटणीच्या आणेवारीने चालतो. या वर्षीचा दिवस पूर्ण धरायचा, गेल्या वर्षीच्या दिवसाचा एक तृतीयांश धरायचा आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवसाचा एक षष्ठांश. अशी बेरीज १८३ झाली, आणि चालू वर्षातले निदान ३१ दिवस असले, की माणूस त्यांचा. भाची पहिल्यांदा बाळंतपणासाठी माहेरी येणार म्हणाली, तेव्हा आक्का डिंकाचे लाडू किती करायचे याचा विचार करत होती आणि सीए दिवस मोजत होते.

दोन्ही देश म्हणाले ही आमचीच, तर काय करायचं? त्यासाठी भारत आणि अमेरिकेचा दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. १९८९ च्या सप्टेंबरात सह्या झाल्या, १९९० च्या डिसेंबरात तो लागू झाला. मी त्यातलं रहिवासाचं कलम वाचून काढलं आणि थक्क झालो. आधी बघायचं, या व्यक्तीचं कायमचं घर कुठे आहे. दोन्हीकडे असेल, तर तिचे व्यक्तिगत आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट आहेत. तेही ठरत नसेल, तर ती नेहमी राहते कुठे. त्यावरही जमलं नाही, तर नागरिकत्व कुठलं. आणि तरीही तिढा सुटला नाही, तर दोन्ही सरकारांच्या अधिकाऱ्यांनी बसून सामोपचाराने मिटवायचं. म्हणजे पोरगी माहेरची की सासरची, हा प्रश्न सोडवायला दोन सार्वभौम राष्ट्रांनी करार केला आहे आणि शेवटी उपाय सांगितला आहे तो बैठकीचाच! मी हे आक्काला वाचून दाखवलं. ‘व्यक्तिगत संबंध कुठे घट्ट’ इथे तिने मला थांबवलं आणि म्हणाली, “त्यात विचारायचं काय? लिही, शिर्डी.”

भाची अमेरिकेची रहिवासी आहे म्हणून इथल्या व्याजावर कराराप्रमाणे कमी दराने कर कापा, असं बँकेला सांगायचं, तर त्याला दाखला लागतो. आपल्याकडे रहिवासी दाखल्यासाठी तलाठ्याची वाट बघणारी माणसं अमेरिकेला फार मानतात. त्यांना सांगितलं पाहिजे की रहिवासी दाखला तिथेही आहे. त्याला ६१६६ म्हणतात. तो मिळवायला ८८०२ नंबरचा अर्ज करावा लागतो, आणि व्यक्तीला त्याची फी ८५ डॉलर आहे. आमच्या तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण ८५ डॉलर त्यानेही कधी मागितले नाहीत.

या सगळ्याची सुरुवात करणारा माणूस कोण, ते मी शोधलं. भारतात पहिला आयकर १८६० च्या जुलैत जेम्स विल्सन नावाच्या साहेबाने आणला. १८५७ च्या बंडात सरकारची तिजोरी रिकामी झाली होती, ती भरायला तो मुद्दाम विलायतेहून आला होता. कायदा झाल्यावर पुढच्याच महिन्यात तो कलकत्त्यात हगवणीने गेला. कर राहिला. अमेरिकेत मात्र यादवी युद्धातला आयकर १८७२ मध्ये रद्द झाला होता आणि आजचा १९१३ मध्ये आला. कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हा तिथे आयकरच नव्हता. त्या बाईंनी थंडी सोसली, परका मुलूख सोसला, आजार सोसला. पण इथल्या पासबुकातली सर्वात जास्त शिल्लक काढून पाठवा, असं पत्र त्यांना कल्याणला लिहावं लागलं नाही.

आमच्या भाचीला लिहावं लागलं. पण त्याआधी ओटीपी.

इथलं विवरणपत्र भरून झालं की ते आपणच भरलं हे सिद्ध करावं लागतं, त्यासाठी मोबाइलवर आकडा येतो. भाचीचा जुना नंबर आधारला जोडलेला. ते सिमकार्ड दाजींच्या वस्तीवर रेंज नाही म्हणून माझ्याकडे, लॉजच्या काउंटरवर. जावईबापू कामावरून येऊन, जेवून कॉम्प्युटरवर बसतात ती तिकडची पावणेआठची वेळ, म्हणजे आमच्याकडे पहाटे सव्वापाच, काकडआरती. मंदिरात आरती सुरू झालेली, काउंटरवर आंध्रातून आलेलं कुटुंब अंघोळीसाठी ताटकळलेलं आणि फोन वाजतो.

“मामा, ओटीपी आला का?”

“आला. लिही. एकोणऐंशी...”

“एटी नाइन का?”

“नाही गं. ऐंशीला एक कमी.”

“सेव्हन्टी नाइन. पुढं?”

“सदुसष्ट.”

“मामा, एकेक आकडा सांगा ना!”

“वेडी नीळ्ळू?” पुढे उभे असलेले काका विचारतात. शिर्डीच्या लॉजवाल्याला गरम पाण्याचं तेलुगू यावंच लागतं. मी त्यांना सांगतो, सहा वाजता. तिकडे भाची लिहिते, सहा. फॉर्म म्हणतो, आकडा चुकीचा. पंधरा मिनिटांत आकडा बाद होतो, नवा मागवायचा. तोवर भूपाळ्या संपलेल्या असतात आणि काकांनी थंड पाण्याने उरकून घेतलेलं असतं.

आता शिल्लक. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाची परदेशातल्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदाही दहा हजार डॉलरच्या वर गेली, की प्रत्येक खात्याची माहिती द्यावी लागते. दहा हजार डॉलर म्हणजे आपले साधारण नऊ लाख. हा अहवाल आयकर खात्याकडे जात नाही, अर्थखात्याच्या आर्थिक गुन्हे रोखणाऱ्या विभागाकडे जातो. त्यात नुसतं आपलं खातं नाही, ज्या खात्यावर आपली सही चालते तेही लिहायचं.

एका रविवारी वस्तीवर पासबुकं बाहेर निघाली. नगर जिल्ह्यात माणसाच्या घरात देव्हारा असतो आणि कपाटात पतसंस्थेची पासबुकं असतात. जिल्हा बँकेचं एक, कोपरगावचं एक, पुण्यात नोकरीला होती तेव्हाचं एक, पीपीएफ, पगारातून केलेल्या एफड्या, आणि तीन पतसंस्था. त्यातल्या दोन संचालकांच्या आग्रहाखातर. सर्वात जास्त शिल्लक कधी होती ते बघायचं, तर पासबुकावरची शाई इतकी पुसट, की आक्काने बॅटरी धरली आणि मी आकडे वाचले. मग आजीने पदराखालून स्वतःचं पासबुक काढलं. आजोबा झेडपीचे मास्तर होते, त्यांची फॅमिली पेन्शन तिथे येते. आजीला बँकेत जाणं होत नाही म्हणून नातीचं नाव त्या खात्यावर लावलं होतं. म्हणजे नातीची सही चालते, म्हणजे अमेरिकेला कळवणं आलं.

“माझं खातं गुन्ह्याच्या खात्यात कशाला घालता?” आजी म्हणाली. “मास्तरांनी जन्मात कुणाचं पाच पैसे बुडवलं नाही.”

मी तिला समजावलं की न कळवणं हा गुन्हा, कळवलं की काही नाही. तिला बिटनरची गोष्टही सांगितली. अलेक्झांड्रू बिटनर नावाच्या रोमानियन-अमेरिकन उद्योजकाने पाच वर्षांचे असे अहवाल वेळेवर दिले नव्हते. सरकारने २७२ खात्यांच्या नोंदी मोजल्या, प्रत्येकीला दहा हजार डॉलर लावले आणि २७ लाख डॉलरवर दंड काढला. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दंड खात्यामागे नाही, अहवालामागे मोजा. तो पन्नास हजारांवर आला. आजी म्हणाली, “एवढी खाती कशाला काढायची माणसानं?” आणि समोरच्या तीन पतसंस्थांकडे बघून गप्प बसली.

खरा पेच कारखान्याच्या ठेवीने आणला. घरात कारखान्याचा आणखी एक सभासद व्हावा म्हणून दाजींनी फार पूर्वी भाचीच्या नावावर दोन एकर करून ठेवले होते. त्यात आधी ऊस होता. उसाच्या बिलातून कारखान्याने ठेवी कापल्या, त्यांत एक होती बिनपरतीची ठेव. सीपीएने विचारलं, ही रक्कम कधी परत मिळणार? मी म्हटलं, बिनपरतीची आहे. मग हा खर्च आहे का? नाही, ठेव आहे. व्याज मिळतं? मिळतं म्हणतात. मूळ रक्कम कोणाची? भाचीची. काढता येते का? नाही. यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. आशियातला पहिला म्हणवला जाणारा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी याच परिसरात, लोणीला काढला. सहकारातल्या बारकाव्यांत आम्ही जगाच्या पुढे आहोत, हे सीपीएला त्या दिवशी कळलं असावं.

ऊस गेला, त्या दोन एकरांत पेरू आला. राहात्याचा पेरू नगर-मनमाड रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने खाल्लेला असतो, दहातल्या आठांनी मीठ-तिखट लावून. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. अमेरिकेत आहे. शेतीसाठी त्यांचं स्वतंत्र परिशिष्ट आहे, शेड्यूल एफ. त्यातला पहिलाच प्रश्न, मुख्य पीक कोणतं? जावईबापूंनी लिहिलं, पेरू. मग मजुरी, खतं, यंत्रकाम, सगळ्या खर्चाच्या ओळी. दाजींनी मोठ्या उत्साहाने छाटणी सांगितली, शेणखत सांगितलं, ठिबकच्या नळ्या सांगितल्या, पोपट हाकायला ठेवलेला राखणदार सांगितला. पोपटांनी खाल्लेल्या पेरूंचीही वजावट मिळावी असं त्यांचं मत होतं. वरच्या बाजूला आणखी एक प्रश्न होता : या व्यवसायाच्या कामकाजात तुम्ही प्रत्यक्ष आणि भरीव भाग घेतला का? भाचीने लहानपणी त्या बागेत घेतलेला भाग सगळ्या गावाला माहीत आहे, पण तो उत्पन्न घटवणारा होता.

शेवटी भाचीने फोनवर साधाच प्रश्न विचारला. “खर्च झाला सगळा लिहून. आता उत्पन्न सांगा. माझ्या दोन एकरांचं गेल्या वर्षी किती आलं आणि ते पैसे कोणत्या खात्यात जमा झाले?”

वस्तीवर एकदम सगळ्यांना कामं आठवली. दाजी मोटार बंद करायला गेले. भाच्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. बाग व्यापाऱ्याला उक्ती दिली होती, पैसे भाच्याच्या खात्यावर आले होते, त्यातून ट्रॅक्टरचा हप्ता गेला होता आणि उरलेल्याचं काय झालं ते ट्रॅक्टरच्या नव्या टेपला माहीत. यात लबाडी कोणाच्याच मनात नव्हती. नाव बहिणीचं, माल भावाचा, ही आमच्याकडची सर्वमान्य पद्धत आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. त्याला तोंड द्यायला गावोगाव हक्कसोडपत्रं झाली. बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत येतात, अंगठा देतात, फोटो काढतात, भाऊ साडी घेतो, येताना सगळे भेळ खातात. शिर्डीत ज्या जमिनींवर आज लॉज उभे आहेत, त्यांतल्या किती जमिनींच्या कागदात अशी साडी आहे, हे मोजायला संस्थानातली मोजणारी माणसं बसवावी लागतील. माझ्या आक्कानेही सही केली होती. साडी मोरपंखी होती.

भाच्यालाही तोच मार्ग सुचला. “तायडे, एवढं झंझट कशाला? हक्कसोड करून टाक. फॉर्म नको, शेड्यूल नको. तुझाच त्रास वाचेल.”

“करते की,” भाची म्हणाली. “पण आमचे सीपीए म्हणतात, हक्क सोडला तर इथे ती भेट धरतील, आणि भेटीची किंमत बाजारभावाने दाखवावी लागेल. आपल्याकडे एकराला काय भाव चाललाय?”

हा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता, पण मुलींसमोर मोठ्याने कोणी उच्चारलेला नव्हता. दाजींनी तो अर्धा करून सांगितला. आजीने लगेच दुरुस्त केला. पलीकडे भाचीने तो डॉलरमध्ये केला असावा, कारण जावईबापू आजवर व्हिडिओत नुसते हात हलवून जात, ते त्या दिवशी खुर्ची ओढून बसले.

हक्कसोड राहिली. भाचीचं इथलं खातं अनिवासी भारतीयाचं, एनआरओ झालं आहे, आणि गेल्या बहारापासून पेरूचे पैसे त्यात जमा होतात. इथे त्यावर कर शून्य, तिकडे भरते. लोक हळहळतात, पोरीला परदेशात जाऊन पेरूवर कर भरावा लागतो. भाची म्हणते, पहिल्यांदाच भरतेय, कारण पहिल्यांदाच मिळालेत. माहेरची माणसं ‘सगळं तुझंच आहे’ असं तिला जन्मभर सांगत होती. ‘तुझं म्हणजे नेमकं किती?’ हे विचारायला सातासमुद्रापलीकडचं सरकार यावं लागलं, आणि आमच्याही सरकारला ते तोवर सुचलं नव्हतं, याचं मला जरा वाईट वाटतं.

मी हे सगळं आक्काला अभिमानाने सांगत होतो. ती लॉजवर आली होती, चहा पीत काउंटरमागच्या चाव्यांकडे बघत होती.

“खोल्या किती झाल्या रे आता?” तिने विचारलं.

“चोवीस.”

“आणि भावंडं आपण दोघंच.”

मी तिला सांगितलं की चोवीस म्हणायला चोवीस, पण त्यातल्या दोन खोल्या कायम गळतात, मेस्त्री हात टेकून गेला, गिऱ्हाईक घेत नाही.

“त्या तुझ्या बारांत धर,” आक्का म्हणाली.